किती बाजार ठेवायचं, बाई?

आमच्या शेजारच्या सूनबाईंना चार दिवस गावाला जायचं असलं की त्यांच्या कुत्र्याकडे बघायला एक मुलगी येते. तिचा धंदाच तो. आधी फोन स्पीकरवर टाकून बोलणी होतात. फिरवायचं किती वाजता, खाणं तुमचं की माझं, मुक्काम केला तर जास्त पडतील, सणावारी वेगळा दर. ह्या सूनबाई भाजीवाल्याला रडवणाऱ्या, पण ती मुलगीही खमकी आहे. मी आपली गॅलरीत मेथी निवडत दोघींचं ऐकत असते. मला हसू येतं. वाटतं, आता ही मुलगी विचारील, "किती बाजार ठेवायचं, बाई?" पण ती कुठून विचारणार! तो प्रश्न विचारणारी बाई बुलढाण्याला धाड गावाच्या रस्त्यावरच्या मळ्यात राहिली, आणि तिच्यासारखी मला पुन्हा भेटली नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. पुण्याकडची माणसं बदलून वऱ्हाडात येऊ लागली होती, त्यांत आम्हीही होतो. आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर. बुलढाण्याची हवा थंड, गाव टुमदार, पण लग्न होऊन नुकतीच आलेली मी दिवसभर त्या क्वार्टरमध्ये एकटी. मग एक दिवस ह्यांनी रस्त्याच्या कामावरून एक पिल्लू आणलं. डांबराच्या पिंपाखाली सापडलेलं आणि रंगानंही तसलंच. नाव ठेवायला डोकं खाजवावं लागलं नाही. डांबऱ्या.

डांबऱ्या मोठा झाला, देखणा झाला, पण भुंकायचं काही त्याला जमलं नाही. आल्यागेल्याला शेपटी हलवावी, पायाशी लोळावं, एवढंच. आम्हाला त्याचं कौतुकच वाटे. मग नणंदेचं लग्न ठरलं, पुण्याला जायचं झालं आणि कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न आला. शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "कौतिकाबाईकडे ठेवा. ती कुत्री राखते." मला वाटलं, थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. गावाबाहेर उतारावर कौतिकाबाईचा भाजीचा मळा होता. नवरा कधीच वारलेला, एकुलती लेक उंद्रीला दिलेली, शेजारच्या वावरात जाऊ आणि दीर. मळ्यात वांगी, मिरची, गवार, आणि सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. बाजूच्या झाडीतून वानरांच्या टोळ्या यायच्या आणि तासाभरात आठवड्याची तोडणी फस्त करायच्या. कौतिकाबाईनं त्यावर तोड काढली होती. गावातल्या साहेबलोकांची कुत्री ती राखायला घ्यायची. साहेब गावाला, कुत्रं मळ्यात, वानरं झाडावर. राखणीचे पैसे पुन्हा वेगळे.

आम्ही गेलो तेव्हा ती वांगी तोडत होती. उंच, वाळकी, लुगड्याचा काचा मारलेला. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही, आधी डांबऱ्याकडे पाहिलं. नंतर कळलं की ही तिची रीतच होती. सौदा करताना ती मालकाशी कमी बोलायची, कुत्र्याशी जास्त.

"किती बाजार ठेवायचं, बाई?" हा प्रश्न मात्र माणसाला.

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. कौतिकाबाईकडे दिवसांचा हिशेब नव्हता, आठवडी बाजारांचा होता. बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन सकाळीच गावात जाई, कुत्र्यांवर जाऊ लक्ष ठेवी, आणि जावेला काही द्यावं लागे. म्हणून मधे बाजार पडला की भाव चढायचा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सोडलेलं कुत्रं पुढच्या बाजाराच्या आत नेलं तर स्वस्त. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सोडून लगेच नंतर नेलं तरी अख्खा बाजार लागू. आमच्या ह्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दिवसाचा दर काढायला बसले.

"काळ्या, तुह्या मालकाले सांग बे," कौतिकाबाई डांबऱ्याला म्हणाली, "भागाकार सडकेचा करा म्हना. बाजाराचा भागाकार होत नसते."

मग तिनं विचारलं, "भुकते का?"

"छे छे!" हे अभिमानानं म्हणाले. "अगदी शांत आहे. त्याचा आवाज ऐकायला मिळणार नाही तुम्हाला."

"मंग जास्ती पडन."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण मालाची तारीफ केली आणि भाव आपल्याच अंगावर आला, हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे तसा भुंकतो. प्रसंग पडला तर भुंकतो."

 कौतिकाबाईनं खोपडीतून, म्हणजे मळ्यातल्या झोपडीतून, पोतं आणलं, डोक्यावरून ओढून घेतलं आणि वाकून, गुरगुरत डांबऱ्यावर चालून गेली. डांबऱ्यानं शेपटी हलवली आणि पोत्याखाली तोंड घालून तिचे हात चाटले. पोत्यातून आवाज आला, "हे तं पाव्हन्याचं कुत्रं हाय वं बाई. चोर आला तं त्याले पाट मांडून देईन."

पूर्ण भाव पडला. शिवाय अटी निघाल्या. सोडायचं ते सकाळीच. "दिवस बुडता सोडलेलं कुत्रं रातभर रडते. सकाळी सोडलं की वावर पाहते, वास घेते, रमते." न्यायचं तेही उजेडी. आणि अंगावरचं एक कापड द्यायचं, न धुतलेलं. ठरलेल्या सकाळी सोडायला जाताना मी नीट घडी घातलेलं जुनं पातळ नेलं होतं, ते तिनं नाकाला लावून परत केलं. "याले सोड्याचा वास येते, बाई. तुमचा नाई येत." मला अंगावरच्या पदराचा तुकडा फाडून द्यावा लागला. तो तिनं खोपडीत डांबऱ्याच्या जागेवर अंथरला.

त्यानंतर कुत्र्यापुढे बसून त्याला सांगायचं, किती बाजारांनी येणार ते. मोठ्यानं, नाव घेऊन. पुण्याची शिकलेली बाई मी, मला लाज वाटली. पण ती हटून बसली. "कुत्र्याले मोजता येत नाई, मले ठाव हाय. पर सांगनाऱ्याले तं येते ना? बोललं म्हंजे बांधलं." मी सांगितलं. आणि शेवटची अट, तिची सगळ्यांत कडक.

"आता जा. आन मागं पाहू नोका. मान वळवली की कुत्रं मागं येते."

आम्ही निघालो. ती अट पाळणं किती जड जातं, हे ज्यानं कुत्रं सोडलंय त्यालाच कळेल. पाठीमागे डांबऱ्या कण्हत होता आणि मी रस्त्याच्या धुळीकडे बघत चालत होते.

त्यानंतर दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात आमचा हा सौदा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी नवा. वांगी-मिरची तोडणीला आलेली असली की कौतिकाबाई नरम असे, वानरांचे दिवस ते. मेथी-सांभाराचे वाफे नुकते टाकलेले असले की भाव वर, कारण कुत्री वाफे उकरतात. एकदा हे मोठ्या हुशारीनं वांग्यांचा हंगाम साधून गेले, तर म्हणते, "सांग बे साहेबाले, औंदा वानरंच कमी हायेत." वानरं तिच्या डोक्यावरच्या निंबावर बसून ऐकत होती. ह्यांनी वर बोट दाखवलं. कौतिकाबाईनं वर बघितलंच नाही.

खोटं बोलण्याचं तिला काही वाटत नसे, घासाघीस हा तिचा खेळ होता. पण कुत्र्याच्या पोटाशी खेळ नव्हता. एकाच परातीत ती भाकरी कुस्करायची आणि लहानमोठ्या सगळ्यांना सारख्या वाट्यांत घालायची. डॉक्टरीणबाईंची लिली म्हणून एक पांढरी, केसाळ कुत्री होती. घरी गादीवर निजणारी, दूध पिणारी. तिला कौतिकाबाई दुप्पट भाव लावायची, आणि वागवायची मात्र बाकीच्यांसारखीच. महिनाभरानं डॉक्टरीणबाई न्यायला आल्या तेव्हा लिलीच्या अंगभर गोखरू चिकटलेले, रंग मातीचा, आणि ती एका वानरामागे बांधापलीकडे धावत सुटलेली. डॉक्टरीणबाईंना रडू कोसळलं. "काय करून टाकलंत हो माझ्या लिलीचं!"

"कुत्रं देलं होतं, कुत्रं घेऊन जा," कौतिकाबाई म्हणाली. "गादी देली असती तं गादी परत देली असती."

डॉक्टरीणबाई तणतणत गेल्या. पुढच्या सुट्टीत पुन्हा लिलीला घेऊन आल्या. का आल्या, तर लिली त्या महिन्यात एकदाही आजारी पडली नव्हती.

एवढी कुत्री राखणारी बाई, पण तिचं स्वतःचं कुत्रं नव्हतं. मी एकदा विचारलं, "काऊन" म्हणून. तिची भाषा एव्हाना माझ्या तोंडी बसत चालली होती. तिला हसू आलं, पण उत्तर सरळ दिलं. "आपलं ठेवलं तं हात पयले त्याच्याकडं जाईन. मंग लोकायच्या कुत्र्यायनं कोनाच्या तोंडाकडं पाहाव?"

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची लेक माहेरी आली होती. परत जाताना कौतिकाबाई तिला मोटारस्टँडवर सोडायला आली, मीही तिथंच होते. लेक खिडकीत बसली. मोटार सुरू व्हायच्या आधीच कौतिकाबाईनं पाठ फिरवली आणि तरातरा चालू लागली. मला राहवलं नाही. धावत जाऊन म्हटलं, "अहो, मुलगी बघतेय!" ती चालतच म्हणाली, "पाहू द्या. मी पाह्यलं तं ते उतरन खाली." तिचे डोळे गळत होते आणि चाल थांबत नव्हती.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला डांबऱ्या भुंकायला शिकला. आम्ही न्यायला गेलो तेव्हा मळ्याच्या टोकाशी एक काळं कुत्रं खणखणीत भुंकत वानरांना हुसकत होतं. आम्ही ओळखलंच नाही. कौतिकाबाई नुसती बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते सुख मला आजही दिसतं. पोटच्या पोराचा पहिला नंबर आल्यावर आयांच्या चेहऱ्यावर असतं, तसलं. आम्हाला पाहिलं आणि ते तिनं झटकन पुसून टाकलं. "आता भुकते. भाव उतरला म्हना तुह्या मालकाले," ती डांबऱ्याला म्हणाली. आपणहून भाव उतरवल्याची ती एकच वेळ.

पण गंमत अशी की घरी आल्यावर डांबऱ्या पुन्हा मुका. भिकारी येवो, बैल शिरो, शेपटी हलतेय आपली. भुंकायचा तो फक्त तिच्या मळ्यात. मला त्याचं वाईट वाटायचं. आमच्याकडे तो पाहुणा होता आणि तिथं घरचा होता, हे मला कोणी न सांगता समजलं होतं.

तिलाही समजलं असणार. एका सकाळी डांबऱ्या फाटकातून निसटला. आम्ही शोधून हैराण. दुपारी फाटकाशी कौतिकाबाई उभी. डोक्यावर रिकामी पाटी, हातात दोरी आणि दोरीला डांबऱ्या. उन्हानं ती लाल झाली होती. बाजाराचा दिवस नव्हता, मळ्यात तोडणी सोडून ती चढ चढून आली होती.

"हे आलं होतं माह्याकडं. अर्धा बाजार धरा."

बाजाराचा भागाकार आज होत होता! हे म्हणाले, "अहो, आम्ही कुठं सोडलं होतं? आपलं आपण आलं ते."

"आलं कसं बी असन. खाल्लं तं माह्या घरचं ना?" आणि ती अर्ध्या बाजारासाठी अशी भांडली, की शेजारपाजारचे बाहेर आले. शेवटी ह्यांनी दिले. तिनं पैसे कनवटीला लावले, दोरी माझ्या हातात दिली. दोरी सोडताना तिची बोटं जरा रेंगाळली. मी पाणी आणायला आत गेले आणि आले तो ती निघूनही गेली होती. त्या दिवशी मला तिच्या पैशांचा अर्थ कळला. पैसे घेतले की कुत्रं लोकांचं होतं. पैसे घेतले नाहीत, तर ते तिचं झालं असतं.

आणि मग आमची बदली झाली. थेट कोकणात. तिकडे क्वार्टर नव्हती, एका खोलीत दिवस काढायचे होते. हे म्हणाले, "डांबऱ्याला कौतिकाबाईला देऊन टाकू. तोही सुखी, तीही सुखी." माझा जीव तुटत होता, पण म्हणणं खरं होतं. डांबऱ्याला घेऊन मी एकटीच मळ्यावर गेले. दोरी सोडायच्या आत तो वांग्यांत घुसला आणि भुंकू लागला.

"किती बाजार ठेवायचं, बाई?"

"बाजार नाही आता, कौतिकाबाई. आमची बदली झाली. डांबऱ्या तुम्हालाच द्यायचाय. कायमचा."

तिचा हात वांग्यावर तसाच राहिला.  मला वाटलं, हो म्हणेल. तिचा चेहरा हो म्हणत होता.

"कायमचा भाव नाई माह्यापाशी," ती म्हणाली.

"अहो, भाव कसला? मी देतेय. आपणहून देतेय."

"तेच तं." आज सौद्याचं बोलताना ती पहिल्यांदाच कुत्र्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलत होती. "लोक माह्यापाशी कुत्रं सोडतात आन बिनघोर गावाले जातात. काऊन जातात? कौतिका परत देते म्हनून. एक ठेवून घेतलं तं उद्या लोक म्हनतीन, कौतिकानं कुत्र्याले लावून घेतलं. मंग कोन सोडन?" मग ती हळूच म्हणाली, "आन खरंच लावून घेतलं हाय, बाई. म्हनून तं ठेवता येत नाई."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिनं मला रडू दिलं. मग एकदम सौद्याचा आवाज काढून विचारू लागली. तिकडं वानरं हायेत का? भाकर भेटन का? तिकडं भात खातात म्हने, भातानं कुत्र्याचं पोट भरत नसते. न्यायचं ते सकाळीच न्या, उजेडी पोचवा. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. आजवर अटी ऐकत होते ती सोडणारी म्हणून, आज ऐकत होते ती राखणारी म्हणून. हे माझ्या ध्यानात आलं ते ती खोपडीत जाऊन परत आली तेव्हा. तिच्या हातात तिच्या अंगावरच्या लुगड्याचा नुकताच फाडलेला तुकडा होता.

"धुऊ नोका," ती म्हणाली.

मग ती डांबऱ्यापुढे उकिडवी बसली. त्याचा कान वर केला, तोंड जवळ नेलं. आयुष्यभर तिनं लोकांकडून जे वदवून घेतलं, ते आता तिला म्हणायचं होतं. किती बाजार. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. तिनं त्याचा कान पुन्हा नीट बसवला आणि ती उठली. निघताना मी पैसे पुढे केले, ते तिनं घेतले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

डांबऱ्या कोकणात पुष्कळ वर्षं जगला. भात खायला शिकला. लुगड्याच्या तुकड्यावर झोपायचा. त्या तुकड्याची लक्तरं झाली तरी मी त्याला पाणी लावलं नाही. तिथं तो कधी भुंकला नाही. बुलढाण्याला पुन्हा जायचं जायचं म्हणत आमचं जाणं झालं नाही, आणि ती किती वर्षं होती, तिच्यामागे मळा कोणाकडे गेला, काही कळलं नाही. मला तिची फार आठवण येते. माझ्या आईच्या बरोबरीनं येते, हे लिहायला आता संकोच वाटत नाही.

पण डोळे मिटले की दिसते ती आम्ही निघालो त्या सकाळची कौतिकाबाई. सामानाचा ट्रक धाड रस्त्यानं निघाला होता. मी ड्रायव्हरशेजारी, मांडीशी डांबऱ्या. उतार सुरू झाला, मळा दिसू लागला. वानरं निंबावर बसली होती. आणि वांग्यांच्या ओळीत कौतिकाबाई उभी होती, रस्त्याकडे पाठ करून.

डांबऱ्यानं खिडकीवर पाय ठेवले आणि तो भुंकू लागला. मळ्याबाहेर तो आयुष्यात भुंकला तो तेवढाच. खणखणीत भुंकत राहिला. वानरं उड्या मारून पळाली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वळून बघत होते, तिनं कितीदा बजावलं होतं तरी बघत होते. तिच्या कमरेवर पाटी होती, पण ती काही तोडत नव्हती. नुसती उभी होती. ट्रक वळणाला लागेपर्यंत तिनं मान वळवली नाही.